भूपाल, तुझ्या कॅमेऱ्यातली वेळ

भूपाल, गड्या, मी भ्यालोय.

हे मी लिहितोय म्हणजे बघ. कडेगावच्या डोंगराकडंला बिबट्या आडवा आला तेव्हा "जरा डावीकडं हो, उजेड मागनं येतोय" असं त्याला सांगणारा मी. आणि तो झाला होता डावीकडं. तू ही गोष्ट चारचौघांत सांगताना बिबट्याचं मांजर करायचास. आता तू नाहीस, म्हणून मी त्याला परत बिबट्या करून घेतलाय. तर असला मी तुझ्या स्टुडिओत तुझ्या खुर्चीत बसतो, तुझा संगणक चालू करतो आणि पडद्यावरचा बाण गुळाच्या ढेपेवरच्या माशीसारखा नुसता फिरवत बसतो, कुठंच टेकवत नाही.

भीती एका कार्डाची आहे. काळं, नखाहून थोडं मोठं, तुझ्या कॅमेऱ्यातलं, शेवटच्या लग्नाचं. लग्न काजलचं, कडेगावच्या पोरीचं. शेवटचं तुझं. कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर तू बसलेला एका वाढप्याला दिसलास आणि त्याला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पुढचं सगळ्या पेठेला माहीत आहे आणि मला ते लिहायचं नाही. कॅमेऱ्याचा पट्टा तुझ्या गळ्यातून मी काढला. कार्ड बाहेर घेऊन त्याच्या कडेची बारकी कळ सरकवली, म्हणजे त्याला कुलूप लागतं, चुकूनसुद्धा कुणाला त्यावर लिहिता-पुसता येत नाही. मग ते शर्टाच्या खिशात घातलं आणि तो शर्ट आजवर धुवायला टाकला नाही. माझं चाललं असतं तर ते तिथंच राहिलं असतं.

पण पद्मावहिनी आल्या. पासपोर्टच्या फोटोला गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर, निळ्या पडद्यापुढं बसल्या. हळदीच्या बाजारातली धूळ त्या पडद्यावर एवढी साठलीय की पांढरा सदरा घालून आलेला माणूससुद्धा तुझ्या फोटोत उद्या लग्न असल्यासारखा पिवळा यायचा. वहिनींनी पदरानं ती धूळ जराशी झटकली आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"भावजी, ह्यांनी शेवटचा फोटो किती वाजता काढला ते कळतंय का ओ?"

"कळतंय की. प्रत्येक फोटोच्या पोटात त्याची वेळ असती."

"मग तेवढी बघून सांगा. मी त्या दिवशी दोनदा फोन केला हुता. उचलला न्हाई. मी फोन करत हुते तवा हे हुते का न्हवते, एवढंच मला पायजे."

मी "बघतो की" म्हणालो. म्हणालो खरा, आणि स्टुडिओच्या मागं जाऊन नळाखाली डोकं धरलं.

कारण वहिनींना काय भ्या वाटत होतं ते मला कळलं. तू आधीच गेला असशील, तर फोन एका गेलेल्या माणसाच्या खिशात वाजत राहिला. ते एक वेळ सोसता येईल. पण तू खुर्चीत कळ काढत बसला असशील, फोन वाजतोय, बायकोचा आहे हे कळतंय आणि हात तिथवर जात नाही, असं असेल तर? त्या बाई तेव्हा घरी बसून तुझ्यावर चिडत होत्या. दुसऱ्यांदा उचलला नाहीस तेव्हा त्यांनी मोबाईल गादीवर आपटला होता. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या हाताकडं बघत होत्या.

त्यांच्या मोबाईलवर दोन्ही फोनांची वेळ आहे. ती मोबाईलच्या टॉवरवरून येते, तिला मुलाहिजा नाही. दुसऱ्या कुणाचा कॅमेरा असता तर काम सोपं होतं. पण भूपाल, तुझा कॅमेरा! अख्ख्या सांगली-साताऱ्यात खोटं बोलणारं घड्याळ एकच, आणि ते तुझ्या गळ्यात.

आपल्याकडची लग्नं तुला मी काय सांगू. पत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापतात आणि त्या मिनिटाला नवरदेव मारुतीच्या देवळापुढं परण्याच्या मिरवणुकीत घोड्यावर असतो, पुढं मामा लोक नाचत असतात. तो मांडवात येतो तर पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद सुरू. विट्याकडच्या त्या लग्नात आजी-माजी सगळे एकाच स्टेजवर सापडले आणि भाषणं एवढी लांबली की नवरदेवानं सकाळी केलेली दाढी फोटोत परत दिसायला लागली. मग अक्षता पडणार कधी? पडतील तेव्हा.

पूर्वी त्याचं कुणाला काही नव्हतं. पण मोबाईल आले, आणि फोटोवर बोट फिरवलं की त्याची वेळ दिसते हे जतकडच्या एका सासूला कळलं. तिनं अंतरपाटाचा फोटो उघडला, पत्रिका शेजारी धरली आणि घरात जाहीर केलं की अक्षता मुहूर्त टळल्यावर पडल्यात. तिथनं पुढं म्हैस आटली, सुनेमुळं. बोअर कोरडी गेली, सुनेमुळं. ती पोर बापाला घेऊन तुझ्याकडं आली, ह्याच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, तेवढी वेळ पुसता येत असंल तर पुसा." तू पुसलीस. आणि त्या दिवसापासून तुला खोड लागली. भाषणं आवरत आली, भटजींनी घसा साफ केला, की तुझा अंगठा कॅमेऱ्याच्या मेनूत. घड्याळ मागं घ्यायचं आणि मुहूर्तावर आणून ठेवायचं. जगात कुणाच्याही अक्षता पडोत, तुझ्या कार्डावर त्या पत्रिकेतल्या मिनिटालाच पडल्या.

आणि मी, जन्माचा थापाड्या, कॅमेऱ्याच्या घड्याळाच्या बाबतीत मात्र हरिश्चंद्र! दर आठवड्याला मोबाईलशी ताडून घेणारा. आपली भांडणं त्यावरनंच. तुझे आणि माझे फोटो एकत्र सॉफ्टवेअरमध्ये टाकले की ते आतल्या वेळेवर ओळीनं लावायचं आणि अख्खं लग्न उलटंपालटं व्हायचं. नवरी आधी आईच्या गळ्यात पडून रडायची, मग हार घालायची. नवरा आधी जिलेबी खायचा, मग घोड्यावर चढायचा. मी ते एकेक निवडत बसायचो आणि तुझ्या नावानं बोटं मोडायचो.

"भूपाल, बाहेरची तारीख कशीबी बदलती. फाईल इथली तिथं टाकली, बदलली. पण आतली वेळ म्हणजे फोटोची जन्मवेळ हाय. ती तरी खरी ठेव."

"दिल्या, फोटो हाय रं त्यो. पंचनामा न्हवं."

"उद्या कुणाला खरी वेळ लागली तर?"

"लग्नातल्या फोटोची खरी वेळ कुणाला लागणार हाय? लग्न लागल्याशी मतलब."

"लागंल कुणाला तरी."

"मग तू हायस की," असं म्हणून तू चहाचा ग्लास गाड्यावर ठेवायचास आणि उठायचास. वाद कधी संपलाच नाही. तुला ठाऊक होतं, चहा संपला की दिल्याचं तोंड आपोआप मिटतं.

कुणाला लागली ते बघितलंस ना? तुझ्याच घरात.

शेवटी एका दुपारी मी कार्ड संगणकात घातलं. वहिनी स्टुलावर होत्या. सॉफ्टवेअर उघडलं आणि सगळ्यात वर, "आज" असं लिहिलेल्या रकान्यात, तू. हसतोयस. गळ्यात फेटा अडकवलेला, हातात पान. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. टोपी असती तर छताला लागली असती. खुर्ची मागं गेली ती भिंतीवर आपटली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काय न्हाई. डास हुता."

नंतर डोकं ठिकाणावर आलं. तुझ्या मेव्हण्यानं श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी मोबाईलच्या ग्रुपवर तुझे जुने फोटो टाकले होते. असं पाठवलेल्या फोटोच्या पोटातली वेळ गळून जाते, धुऊन आलेल्या सदऱ्याचा घामाचा वास जावा तशी. ते मी सकाळी संगणकावर उतरवले, आणि सॉफ्टवेअरला आत वेळ सापडली नाही म्हणून त्यानं फाईलवरची, आजची तारीख लावली. एवढंच. पण "एवढंच" म्हणायला मला दोन ग्लास पाणी लागलं. तेवढ्यात त्या यंत्रानं तुझे दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवले, एक तरणा आणि एक आत्ताचा, आणि विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी एकही दाबलं नाही. ते अजून विचारतंय.

मग कार्डावरचे फोटो. शेवटच्या फोटोची वेळ बघितली. वहिनींच्या पहिल्या फोनच्या कितीतरी आधीची. सरळ वाचलं तर अर्थ असा, की तू कॅमेरा छातीवर सोडलास, खुर्चीत बसलास, आणि तो फोन येईपर्यंतचा एवढा मोठा वेळ... तो कसा गेला ते देव जाणे.

पण ते घड्याळ तू मागं घेतलेलं. म्हणजे खरी वेळ पुढं सरकणार हे नक्की. किती पुढं, हा प्रश्न होता. फोनच्या पलीकडं गेली तर ठीक. नेमकी फोनच्या अलीकडं येऊन थांबली तर? तू नुकता बसलायस, कळ सुरू झालीय आणि खिशात वाजतंय. भूपाल, मी खरंच सांगतो, पुराचं पाणी पेठेत चढताना मी दुकानाच्या पत्र्यावर बसून शेंगा खाल्ल्यात. त्या दिवशी माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

मनात पाप आलं. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, सगळे फोटो निवडायचे आणि वेळ हवी तेवढी पुढं-मागं सरकवायची. कुणाला कळणार होतं? तू जतच्या पोरीसाठी केलंस, मी वहिनींसाठी करतो. बोट बटणापर्यंत गेलं. पण त्या पोरीनं तुझ्याकडं वेळ पुसून मागितली होती, आणि ह्या बाई वेळच मागत होत्या. त्या माझ्या पाठीकडं बघत होत्या. पाठीला डोळे नसतात असं म्हणतात, पण मला त्यांचे दिसत होते.

मी त्याच लग्नातलं माझं कार्ड घातलं. अंतरपाट शोधला. तू समोरनं काढलेला, मी बाजूनं. तुझ्या फोटोत कापड नवरदेवाच्या नाकापर्यंत उतरलेलं, माझ्याही फोटोत नाकापर्यंत. एकच क्षण, दोन घड्याळं. मधलं अंतर काढलं. पाऊण तासाच्या आसपास होतं, भाषणं त्या दिवशी आवरती होती. मूळ फोटोंना हात न लावता त्यांची नक्कल केली आणि नकलेची वेळ तेवढी पुढं सरकवली. बटण दाबताना श्वास धरला. शटर दाबताना श्वास धरायचा, हे तूच शिकवलंस. मी तुझ्याकडं आलो तेव्हा मांडवात हॅलोजन धरून उभा राहायचो, आणि तू आपल्या तेव्हाच्या मालकाला म्हणाला होतास, "दिवा धरणाऱ्याला उजेड कळतोय, ह्याच्या हातात कॅमेरा द्या." त्या एका वाक्यावर मी आजवर भाकरी खातोय, आणि ते तुला कधी बोललो नाही. कारण बोललो असतो तर तू म्हणाला असतास, भाकरी कसली खातोस, जिलेबी खातोस.

फोटो जागेवर बसले. वहिनींचे दोन्ही फोन कुठं पडले सांगू? मध्यावर. कार्यालयामागच्या उसाला तुरे आले होते, त्यापुढं तू काजलला आणि नवरदेवाला उभं केलेलंस. पहिला फोन आला तेव्हा तू फोटो काढत होतास. दुसरा आला तेव्हाही काढत होतास. एकापाठोपाठ एक, सगळे धारदार, एकही हललेला नाही. ज्याच्या छातीत कळ आहे त्याचा हात असा राहत नाही. आणि त्यातल्या दोन-तीन फोटोंत काजल पोटाला हात लावून हसतीय आणि नवरदेव तुझ्या खिशाकडं बोट दाखवतोय.

"का हसत्यात ही?" वहिनी स्टुलावरनं उठून माझ्या मागं आल्या होत्या.

मला ठाऊक नव्हतं. मी काजललाच फोन लावला, आवाज मोठा करून. ती आता शिरवळला असते, नवरा तिथं कारखान्यात आहे. मागनं कुकरची शिट्टी ऐकू आली.

"काजल, मी दिलीपकाका, फोटोवाला. उसापुढं फोटो काढताना भूपालकाकांचा फोन वाजत हुता का गं?"

कुकरचा आवाज लांब गेला. मग म्हणाली, "व्हय काका. वाजत हुता. आमी म्हटलं, उचला की. तर म्हणाले, 'आमच्या मालकिणीचा हाय. पैला फोन भाजीचा असतोय, दुसरा रागाचा. दुसरा येतोय का न्हाई बघा, तवर हलू नका.' आन् खरंच आला की ओ दुसरा! आमी लय हसलो. ते म्हणाले, 'हसा हसा, दोन फोन येत्यात तवर संसार बरा चाललाय समजायचं.'"

वहिनींनी टेबलाची कड धरली. "भाजीचाच हुता," त्या म्हणाल्या. "गवार आणा म्हणून." आणि मग त्या हसायला लागल्या. हसताना रडायला कधी लागल्या ते मला कळलं नाही. त्या दोहोंच्या मध्ये कुठलं घड्याळ लावणार?

काजलला ते ऐकू गेलं असणार. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, येक सांगू का? अल्बममधी ती त्यांनी लावलेलीच वेळ ऱ्हाऊ द्या. आमच्या सासूबाई बघत्यात. आदीच म्हणत्यात, लग्नात माणूस गेला."

"ऱ्हाऊ दे," वहिनी माझ्या आधी बोलल्या. "पोरी, तीच ऱ्हाऊ दे."

तर मूळ फोटो तसेच आहेत, भूपाल, तुझ्या मुहूर्तावर. एवढ्यापुरता तू जिंकलास. एवढ्यापुरताच.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, सुटलो. पण वहिनींनी माऊस माझ्या हाताखालून काढून घेतला आणि पुढचा बाण दाबला. पुढचा. पुढचा. ऊस, जोडा, ऊस, कलवऱ्या. मग शेवटचा. त्यात माणूस नाही. फरशी, खुर्चीचा एक पाय आणि तुझ्या चपलेचं टोक. तिरका. त्याची वेळ मी हातानं झाकली.

"ह्यो कुणी काढला?"

"त्यानंच. बसताना बोट पडलं असंल, वहिनी."

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारणार, ह्याच्या पुढं किती वेळ. मी ती वेळ वाचली होती, आणि वाढपी कधी ओरडत आला तेही मला माहीत होतं. दोन्हींतलं अंतर अजून माझ्या छातीवर बसून आहे. मी ते कुणाला सांगणार नाही, तुलाही नाही. तुला ठाऊक आहे.

त्यांनी विचारलं नाही. परत बाण दाबला. मी म्हणणार होतो, पुढं काही नाही. पण ह्या सॉफ्टवेअरची रीत अशी, शेवटच्या फोटोनंतर ते पहिल्यावर जातं.

पहिला फोटो हललेला होता. तुमच्या घराचं दार, दारात वहिनी, आणि भिंगासमोर आलेला त्यांचा तळवा, अर्ध्या चित्रावर. कामाला निघताना तू उंबऱ्याबाहेरनं एक फोटो काढून कॅमेरा तपासायचास, हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं.

"ह्याची वेळ मात्र न्हाई सांगता येणार," मी म्हणालो. "तवा घड्याळात त्याच्या आदल्या लग्नाची वेळ हुती. ती किती मागं घेतल्याली..."

"मला ठाऊक हाय की," वहिनी पडद्यावरच्या स्वतःच्या तळव्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "दूध उतू चाललं हुतं. म्हणून तर हात केलाय असा. म्हटलं, थांबा जरा. मी गॅस बारीक करून येईस्तवर हे गेले हुते."